चाकावरची कळशी

जत्रेतलं आकड्यांचं चाक आमच्या खानदेशात कुठून आलं, हे कुणी धड सांगत नाही. माझ्या लहानपणी जत्रेत चित्रांचे फासे आणि कवड्या असत. मग रेल्वेनं फिरणारे परके लोक चाक घेऊन यायला लागले. माझे मामेसासरे भुसावळला साहेबांच्या क्लबात स्वयंपाकी होते. ते सांगत, साहेबाचं चाक आडवं असतं, त्यात गोळी फिरते आणि मडमासुद्धा पैसे लावतात. आमच्याकडचं चाक उभं. कडेनं खिळे, वर चामड्याची जीभ आणि मागे पडदा. साहेबाच्या चाकामागे पडदा असतो का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, मी चुलीपाशी, मला काय दिसणार.

माझा संशय चाकापेक्षा जिंकणाऱ्यावर जास्त. हरणारे सगळे ओळखीचे असत, कुणी चुलत दीर, कुणी शेजारी. जिंकणारा कधीच कुणाच्या ओळखीचा नसायचा.

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची गोष्ट. मी धुळ्याला सासरी होते. कार्तिकात जळगावच्या रथाच्या जत्रेला माहेरी, शेजारच्या मेहरूणला आले. धाकट्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं आणि आमचे आबा घायकुतीला आले होते. रथाच्या गर्दीत आबांनी एका तरण्या माणसाला चाकावर पितळी कळशी जिंकताना पाहिलं. लगेच दुसऱ्यांदाही तोच जिंकला. आबांनी त्याला गाठलं, जातकूळ विचारलं. आपल्यातला निघाला. सरकीचा व्यापार करतो म्हणाला. आबा घरी आले ते जावई मिळाल्यासारखेच.

मी विचारलं, जिंकलेली कळशी त्याच्या हातात होती का? माणसाबरोबर घरी पाठवली असेल, असं आबा म्हणाले. मी म्हटलं, मग सरकी कुठं विकतो ते तरी पाहून या.

"तुले बठ्ठासमा खोट दिसस," आबा म्हणाले, म्हणजे मला सगळ्यांतच खोट दिसते. "त्याना हातले यश शे."

तो बोलणीला घरी आला, तेव्हा मी आणि बहिणीनं त्याला ओट्यावरून पाहिलं. ती माझ्याशी बोलेना. वैशाखातली तिथी धरली.

चैत्रात धुळ्याला एकवीरादेवीची जत्रा भरली. तिथं तेच चाक आलेलं. टांगलेल्या बक्षिसांत काठाला पोचा असलेली कळशी. ती जिंकायला उभे कोण, तर आमचे होणारे जावई, डोक्याला वेगळा फेटा. चाक मंदावलं की चाकवाला खांबाला गुडघा टेकवायचा आणि जीभ यांच्याच आकड्यावर थांबायची. कळशी घेऊन ते पडद्यामागे गेले. थोड्या वेळानं कळशी पुन्हा जागेवर.

मी आमच्या घरच्या मालकांना जळगावला पाठवून आबांना बोलावून घेतलं. आबा दुसऱ्या दिवशी आले ते माझ्यावरच चिडलेले. येताना गाडीतच त्यांनी ठरवलं होतं म्हणे, की थोरलीला धाकटीचं बरं बघवत नाही.

आम्ही चाकापाशी पोचलो. त्या माणसानं आबांना पाहिलं आणि तो चपापला. पण सासरा समोर आल्यावर करणार काय? वाकून पाया पडला. "आबा, तुम्ही कधी आलात?" म्हणाला आणि त्यांना पुढं जागा करून दिली. चाकवाला हे बघत होता. तो आपल्या माणसाकडे बघून जरासा हसला. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला नाही.

आबांनी एक आणा लावला. जावयाच्या मनात काही खोट असती तर त्यानं आपल्याला पुढं कशाला बोलावलं असतं, असं मागं वळून मला सांगितलंसुद्धा. चाक फिरलं. गुडघा खांबाला लागला. आबांचा आकडा आला. लोक ओरडले. आबांनी कळशी छातीशी धरली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली बघावं.

आम्ही चार पावलं गेलो असू. चाकवाला घाईनं मागून आला आणि आबांच्या कानाशी लागला. मी शेजारीच होते.

"आबा, कळशी पडद्यामागून आत ठेवा. फेटा बदलून या, आणखी दोन डाव तुमच्यावरच काढतो. हिस्सा संध्याकाळी, तुमच्या पोराबरोबरच."

पाया पडताना पाहून चाकवाल्यानं आबांना आपल्या माणसाचा बाप समजून डावात घेतलं होतं; मघाच्या हसण्याचा अर्थ हा. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या जावयाकडे. जावई पायाकडे बघत होता. आबा एवढंच म्हणाले, "आमची सोयरीक मोडली." कळशी मात्र परत दिली नाही. ती काखेत घेऊन सरळ स्टेशनावर गेले. चाकवाला मागं आला नाही. आला असता तर गर्दीला काय सांगणार होता?

पुढं पोलिसांनी पैशांचं चाक बंद केलं. मग तेच चाक साबण आणि फण्या लावून परत आलं. पडदा होताच.

बहीण रावेरकडे केळीवाल्यांच्या घरी पडली, बरं चाललं. पण बरीच वर्षं ती माझ्याशी तुटक वागली. तिला वाटायचं, मी आबांचे कान भरले. माझं म्हणणं वेगळं आहे. फसवणूक मी सांगून आबांना पटली नव्हती, डोळ्यांनी पाहूनही पटली नसती. जिंकलेली कळशी परत मागितली, तेव्हा पटली.