उलट्या बाजूने घेतलेलं माप

माझा मामा शिंपी आहे, आणि कापडाच्या सुलट्या बाजूला तो कधीही खडू लावत नाही. खुणा सगळ्या उलट्या बाजूला. कपडा शिवून उलटवला की त्या आत जातात आणि लोकांना दिसते ती फक्त शिलाईची सरळ रेघ. ही सवय त्याच्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की साधा कागद हातात घेतला तरी तो अंगठ्याने चोळून आधी त्याची उलटी बाजू शोधतो. कागदाला तशी बाजू नसते, हे त्याला अजून पटलेलं नाही.

त्याच्या अंगणात आजोबांचा ट्रक उभा असायचा. आजोबा गेले, त्याआधीच ट्रकचं इंजिन गेलं होतं. मामाने ट्रक विकला नाही. त्याने नवीन इंजिन शिवलं. मला दुसरा शब्द सुचत नाही. मधला ठोकळा मोडीत निघालेल्या बसचा, वरचं डोकं तिसऱ्याच कुठल्या गाडीचं, मागचं फ्लायव्हील, म्हणजे ते जड दातेरी चाक, आजोबांच्या ट्रकचं. मामी त्या इंजिनाला गोधडी म्हणायला लागली आणि मग सगळेच म्हणायला लागले.

गोधडीचं सगळं जमलं, अडलं ते सेल्फपाशी. सेल्फ म्हणजे बॅटरीवर फिरून इंजिनाला पहिला धक्का देणारी छोटी मोटर. ट्रकचा जुना सेल्फ बसच्या ठोकळ्यावर बसेना आणि बसच्या सेल्फचे दाते ट्रकच्या चाकात अडकेनात. ढकलून चालू करावं, तर ट्रकचं नाक भिंतीला टेकलेलं.

आणि त्याच भिंतीलगत मामीच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. ट्रक आल्यापासून मामी भर दुपारी दिवा लावून कांदा चिरत होती. एक दिवस तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, रविवारी भंगारवाला येतोय."

"कशाला?"

"तुमच्याशी गप्पा मारायला. कशाला म्हणजे काय? त्याच्याआधी हा ट्रक आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेला तर तुमचा. नाही गेला तर त्याचा."

"अगं, वडिलांची आठवण आहे ती."

"आठवण फ्रेममध्ये लावतात. खिडकीत नाही."

मामाने दुकानाला फळ्या लावल्या आणि अंगणात येऊन ट्रकखाली शिरला. भुरकट कागद फ्लायव्हीलच्या तोंडाशी धरून त्याने सेल्फच्या जागेचं माप काढलं: दोन बोल्टांची भोकं, दाते, खोली, आणि सेल्फने कुठल्या बाजूला फिरायचं त्याचा बाण. मग सवयीने चौफेर अर्धा इंच सोडून कागद कापला.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराने तो कागद उजेडात धरला. "मास्तर, हे सेल्फचं माप आहे का झबल्याचं?"

"कडेने जरा सैल ठेवलंय."

"लोखंड धुतल्यावर आटत नाही हो."

तरी दुकानदार माणूस चांगला. त्याने ढिगातून एकेक सेल्फ काढून कागदावर ठेवला. एकाची भोकं जुळली तर दाते जाड, दुसऱ्याचे दाते जुळले तर नाक आखूड. मामा प्रत्येक सेल्फकडे मान तिरकी करून बघायचा, जणू गिऱ्हाईक आरशासमोर उभं आहे. शेवटी एक काळाकुट्ट, वजनदार सेल्फ कागदावर असा बसला की कडेला फक्त मामाचा अर्धा इंच उरला. दुकानदाराने त्याला बॅटरी लावली. तो बाणाच्या दिशेनेच फिरला.

"काखेत ओढत नाही ना?" दुकानदाराने विचारलं.

"मापात आहे," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

रविवारी सकाळी भंगारवाला साखळी घेऊन अंगणात हजर झाला आणि पायरीवर बसला. मामा सेल्फचे बोल्ट आवळत होता. मामी खिडकीत, म्हणजे खिडकी आणि ट्रक यांच्यामधल्या फटीत.

"गोधडी चालू झाली, तरी जाणार कुठे?" ती म्हणाली. "पुढे भिंत आहे."

"मागे घेईन."

"रिव्हर्स पडतो?"

मामाचा पाना थांबला. ट्रकचा रिव्हर्स गिअर आजोबांच्या काळापासूनच मोडलेला होता. आजोबा नेहमी म्हणायचे, मागे जायचंच कशाला. गोधडी शिवण्याच्या नादात ही गोष्ट मामा साफ विसरला होता. भंगारवाल्याने साखळी मांडीवर नीट घडी करून ठेवली, घाई नसलेल्या माणसासारखी.

"आधी आवाज तर येऊ दे," मामा म्हणाला आणि वर चढून बसला.

सेल्फ घुरघुरला. गोधडी शिंकली, खोकली आणि अख्खं अंगण हादरवत चालू झाली. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की धुराचं, कळायला मार्ग नव्हता, कारण धूर समोरूनच येत होता.

"मास्तर," भंगारवाला ओरडून म्हणाला, "धूर तोंडातून येतोय."

खरंच होतं. मागचं धुराडं स्वच्छ, आणि जिथून इंजिनाने हवा आत घ्यायची तिथून काळे लोट. पण मामा आता ऐकण्यापलीकडे गेला होता. वडिलांचा ट्रक भिंतीवर घालायचा, पण साखळीने ओढू द्यायचा नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याने पहिला गिअर टाकला, डोळे मिटले आणि क्लच सोडला.

ट्रक मागे गेला.

अगदी शांतपणे, सुईत दोरा जावा तसा, फाटकातून बाहेर. जाताना मामीची कपड्यांची दोरी घेऊन गेला. रस्त्यावर पोचल्यावर मामाने डोळे उघडले, भिंत लांब गेलेली बघितली आणि घाबरून इंजिन बंद केलं. आरशावर त्याचीच बनियन लोंबकळत होती.

सगळ्यात आधी मामी बोलली. "पुढचा गिअर टाकला होता ना?"

"हो."

"मग मागे कसा गेला?"

मामाने खिशातून कागद काढला. अंगठ्याने चोळला. उलटवला. बाण दुसरीकडे वळला. कापडावर करतो तसं त्याने माप उलट्या बाजूने काढलं होतं आणि दुकानदाराने ते सुलट्या बाजूने वाचलं होतं. उलटा फिरणारा सेल्फ, म्हणून उलटं चाललेलं इंजिन. दुकानदाराने नंतर सांगितलं की जुनी डिझेल इंजिनं असा वेडेपणा करतात खरी, पण जास्त वेळ करू देऊ नका, वरपर्यंत तेल चढत नाही.

"फाटकाबाहेर आहे," मामा हळूच म्हणाला. "आपल्या पायांनी."

मामी वळून आत गेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन पसरलं होतं. तिने दिव्याचं बटण बंद केलं आणि खिडकीतूनच भंगारवाल्याला म्हणाली, "आलाच आहात तर जुन्या कढया घेऊन जा."

ट्रक आता रस्त्याच्या कडेला असतो. त्याला सुलटा सेल्फही मिळाला आहे, पण उलटा मामाने टाकला नाही. जुन्या कोटाच्या बाहीत गुंडाळून तो शेजारच्या सीटवर ठेवतो. रिव्हर्स अजून मोडलेलाच आहे, तेव्हा ट्रक कुठे अडकला की मामा खाली उतरतो, सेल्फ बदलतो, चार हात मागे येतो आणि पुन्हा सेल्फ बदलतो.

मामी सोबत निघाली की स्वेटरचं विणकाम घेते. मागची बाजू झाली आहे, पुढची अर्धी.