कारणाचा रकाना

मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक मुलगी रजिस्टरात बाहेर जाण्याचं कारण लिहीत होती. तिने 'सहज' लिहिलं.

"ताई, असं चालत नाही. दवाखाना लिहा," वॉचमन म्हणाला.

मला माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या तत्त्वज्ञानाच्या मॅडम आठवल्या. "बाई कैदेतही मोकळीच असते, निवड तिची असते," हे त्यांचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच होत्या. पहिल्याच रविवारी मी रजिस्टरात 'फिरायला' लिहिलं, तर त्यांनी त्यावर लाल रेघ मारली.

"वडिलांची चिठ्ठी आण."

"पण मॅडम, वर्गात तर..."

"ते वर्गात."

मनाचं स्वातंत्र्य वाटायला काय जातं? फाटकाची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये राहिली.

फाटकाशी त्या मुलीने 'सहज' खोडून 'दवाखाना' लिहिलं. मीसुद्धा त्या लाल रेघेनंतर तीन वर्षं दर रविवारी आजारी पडत होते.