भात सोडल्यावरचे पोहे

मोठेबाबांचा पाय साखरेमुळे घोट्याच्या वर कापावा लागला, त्याच वर्षी बाबांचीही साखर काठावर आल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह झालेला नाही. भात कमी करा, रोज चाला, कदाचित टळेल. मोठ्या भावाला कुबड्यांवर पाहणाऱ्या बाबांना फार सांगावं लागलं नाही. त्यांनी भात कमी केला नाही, सोडलाच.

आमच्या भागात भात खाल्ला तरच जेवण झालं असं मानतात. बाबांचं लुगड्यांचं दुकान. दुपारी घरी आले की आमच्या ताटांकडे न बघता ते वरण-पोळी खायचे. आईने चिन्नोर तांदूळ शिजवणंच बंद केलं, कारण त्याचा वास लपत नाही.

पोट मात्र भरत नसे. मग सकाळी पोहे, वर आणखी थोडे. दुकानात मुरमुरे. संध्याकाळी आई तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, तव्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकायची. हे सगळं आमच्याकडे खाणं, जेवण नव्हे, त्यामुळे ते कुणी हिशेबात धरत नसे. शाळेत मी स्टार्चचा धडा इंग्रजीतून पाठ केला होता. तो आमच्या स्वयंपाकघराबद्दल आहे असं कधी वाटलं नाही.

पुढच्या तपासणीला मी बाबांसोबत गेले. साखर वाढलेली निघाली. दिवसभर काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाबांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तांदूळच की."

"पोहे म्हंजे भात थोडीच हाय, डॉक्टरसाहेब? भाताले तं मी शिवलोबी नाई."

डॉक्टर हसले नाहीत. धानापासून झालेलं सगळं एकात धरा म्हणाले. वाटीभर भात चालेल, पण भाजी, डाळ, मासोळी जास्त. आणखी एकदा तपासू, मग गोळीचं ठरवू.

परतताना बाजारापाशी गाडी थांबवून बाबांनी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातली मासोळी घेतली. मी फारशी बोलत नाही, म्हणून घरात मला सहसा कुणी काही विचारत नाही. पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं,

"बेटा, हे तळताना तुही आई तांदळाचं पीठ लावते ना? तेबी धरा लागन काय?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी गाडी सुरू केली.

"मंग रस्साच कर म्हन तिले."