श्रावस्तीने निवडलेले टाके

मंडळी, आज दुपारी जिन्यात पडून माझ्या आठ वर्षांच्या श्रावस्तीची हनुवटी फुटली. डोंबिवलीतच कॅज्युअल्टीत नेलं.

डॉक्टरीणबाई मला सोडून तिच्याशीच बोलल्या. "औषधी गोंदाने चिकटवलं तर सुई नाही, पण उड्या मारल्यास सुटेल. टाके टोचतील, पण घट्ट राहतील. दोन्ही चालेल. तुला काय हवं?"

"परवा जयंतीच्या मिरवणुकीत मला लेझीम खेळायचीये."

"मग टाके बरे. पण जपून खेळायचं."

"घाला!"

माझेच डोळे भरून आले. तर ही म्हणते, "मम्मी, रडायचंय तर बाहेर बस ना."

डॉक्टर खो खो हसल्या.

एरवी इंजेक्शनला घर डोक्यावर घेणारी पोर आज हूं की चूं न करता पडून राहिली, कारण तिला कुणीतरी विचारलं होतं. तुमच्या मुलांना असं कुणी विचारलंय का?