इवायांचं निदान

उकंडराव भोयरांना पिवळ्या पानाचं निदान करायची भारी हौस. एका साली त्यांनी स्वतःच्या वावरातलं पिवळं पडलेलं सोयाबीन लोहाची फवारणी करून हिरवंगार केलं होतं. तेव्हापासून कोणाचंही पान पिवळं दिसलं की त्यांचा निकाल तयार असायचा, लोह कमी पडलं. बघायलाही जात नसत, फोनवरच सांगून मोकळे.

लेकीच्या सासरी, रिठदला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं तेव्हाही त्यांनी फोनवर हेच सांगितलं. लेक कांचन सासूसमोर छाती फुगवून म्हणाली, "माह्या बाबाचा शब्द हाय." सासूने, द्रौपदाबाईंनी, मुकाट फवारणी करवली. पिवळेपणा हटला तर नाहीच, उलट पसरला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला उकंडराव गेले ते द्रौपदाबाईंनीच आहेरात दिलेल्या कापडाचा पिवळाधमक सदरा घालून. आंबील आणि पुरणावर आडवा हात मारला. हात धुताना द्रौपदाबाई व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, जेवण जिरवाले वावरात चक्कर मारू. तुमचं लोह कुठवर आलं ते पाहा."

टोमणा न कळल्यासारखं करत ते निघाले. मागे सासू-सून. सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या तासात शिरून उकंडरावांनी एक झाड हलवलं, तर भुर्रकन पांढरा भुगा उडाला आणि सदऱ्यावर येऊन बसला. झटकला, तरी पुन्हा तिथेच.

"भल्ले लाडाचे दिसता बाप्पा किड्यायले," द्रौपदाबाई म्हणाल्या.

उकंडरावांना हसू आलं नाही. जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाला पांढरी माशी ओळखू येणार नाही तर कोणाला? पिवळ्या रंगावर ती तुटून पडते, हेही त्यांना ठाऊक. त्यांनी पान उन्हाकडे धरलं. लोह कमी असतं तर शिरा हिरव्या राहिल्या असत्या आणि मधलं पान पिवळं झालं असतं. इथे पिवळे-हिरवे डाग वाटेल तसे सांडलेले. हा मोझॅक. माशीने आणलेला रोग, एकदा झाडात शिरला की त्या झाडाला औषध नाही.

कान तापले. कांचन त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. आणखी एक फवारा मारा म्हटलं तर आजचा मान राहिला असता, वावर मात्र गेलं असतं.

"इहीनबाई, म्या न पाहता सांगतलं. चुकलो. हा मोझॅक हाय. पिवळी झाडं आजच उपटून गाडा, अन् माशीचं औषध मारा. त बाकीचं वाचते."

द्रौपदाबाईंनी पदर कमरेला खोचला. "मंग उभे काहून? वाका."

लेकीच्या सासरच्या वावरात पाहुण्याने राबायची रीत नाही. उकंडराव वाकले. शेजारी उपटता उपटता कांचन हळूच म्हणाली, "बाबा, मी रोज सकाळी येऊन पाहत होती, एखादं तरी पान हिरवं झालं का म्हणून. घास गिळवत नव्हता मले."

उकंडरावांना लाज वाटली, त्यांनी मान खाली घालून पुढचं झाड उपटलं. तेवढ्यात पलीकडच्या तासातून द्रौपदाबाई म्हणाल्या, "कांचन, तुह्या बाबाले पाणी दे. लोकं चुकले त बियाण्यावर ढकलतात. यायनं नाही ढकललं."

सासूच्या तोंडून बापाची तारीफ कांचन पहिल्यांदाच ऐकत होती, तीही त्याच्या चुकीपायी.