गळ्यावरचा वस्तरा

आमच्या भोकरच्या गल्लीतले सलूनवाले काका फेस लावता लावता सरकार पाडतात आणि दाढी संपेपर्यंत तेच पुन्हा निवडून आणतात. "दुसरं हाय कोण? सांगा की!" म्हणतात. आपली हनुवटी त्यांच्या चिमटीत, सांगणार काय?

समोरचं सलून बंद पडल्यापासून गल्लीत ते एकटेच. परवा माझी दाढी करता करता म्हणाले, "ब्लेड महागलं, साबण महागला. कंपन्या मनाला येईल तसे भाव वाढवून राहिल्या. म्या बी दहा रुपये वाढवतो. पण मतदान घेऊन हां!" आणि फेसाच्या बोटानं त्यांनी आरशावर नवा भाव लिहिलासुद्धा.

वस्तरा माझ्या गळ्यावर होता. मी निमूट हात वर केला. बाकावर नंबर लावून बसलेल्यांनी वस्तऱ्याकडे बघितलं आणि त्यांचेही हात भराभर वर गेले.

"बिनविरोध!" काका ओरडले. सगळं दुकान खो खो हसलं. मला तेवढं हसता येईना.

मग काकांनी माझ्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून आरसा पुसला.

"ऱ्हाऊ द्या जुनाच भाव. गळ्यावर वस्तरा ठेवून निवडून यायला म्या काय पुढारी हाय?"