नसलेल्या टेम्पोचा विमा

“गाडी घसरली. आपली आपण,” माझा नवरा हवालदाराला म्हणाला, तेव्हा मला वाटलं डोक्याला मार लागलाय, बरळतोय. मी कॉटजवळच्या स्टुलावर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मोटरसायकलवर मागं मीच होते की. टेम्पो चुकीच्या बाजूनं वळला, आम्हाला उडवलं आणि नवऱ्याच्या पायावरून चाक गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तोंड उघडणार, तर पायथ्याशी उभ्या सासऱ्यांनी नुसता हात वर केला. हवालदारानं लिहून घेतलं, सही घेतली आणि चहाला गेला.

टेम्पोवाला पळून गेला असता तर बरं झालं असतं. पण त्यानंच आम्हाला त्याच टेम्पोत घालून हॉस्पिटलात आणलं होतं. माझ्या नणंदेचा साखरपुडा त्याच्याशीच झाला होता.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नवरा हडपसरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा, अख्खी पाळी उभ्यानं. आता त्याला तिथं कोण ठेवणार? टेम्पोच्या विम्यातून भरपाई मिळाली तर आमचं काहीतरी होणार होतं, नाही मिळाली तर काही नाही.

मी विमा कंपनीच्या खेपा घालायला लागले. मी माहेरची कसब्यातली, तोंडानं फटकळ, वाटायचं आपण कुणालाही ऐकवू. आमची मोटरसायकल सासऱ्यांच्या नावावर, कारण या घरात सगळंच त्यांच्या नावावर. त्या गाडीच्या विम्यातून तिला नवा दिवा मिळाला, पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ झाला. चालवणाऱ्याला त्यात काही नव्हतं. आणि टेम्पोच्या विमा कंपनीतल्या माणसानं कागद पुढून मागून पाहिले आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, “बाई, जबाबात टेम्पो कुठं आहे? नसलेल्या टेम्पोचा विमा आम्ही कसा देणार?” मला त्याचा संताप यायला हवा होता. आला नाही. खोटं काही तो बोलला नव्हता.

शिवाजीनगर कोर्टाजवळ एक वकीलबाई बसायच्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहिलंत हे ठीक आहे. पण ज्याचा पाय गेला तोच म्हणतोय मी घसरलो, तर तुमचं कोण ऐकेल? त्यांनाच पुन्हा जबाब द्यायला लावा. आणि उशीर करू नका.”

घरी येऊन मी सासऱ्यांपुढं पदर पसरला. आजवर कुणापुढं पसरला नव्हता.

“मामंजी, पैसे कंपनी देते. त्यांच्या घरातून दमडीसुद्धा जाणार नाही.”

“आन् पोलीस केस? ती बी कंपनीवर हुनार का?” ते म्हणाले. “नवरदेवाला कोर्टात उभं करायचं आन् लेक त्याच घरात धाडायची? काही हाय का नाही तुला? लगीन हू दे. मग बघू.”

“मग तर तो जावई होईल. मग तुम्ही काय बघणार, कपाळ?”

ते उठून बाहेर गेले. आत नणंद पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

नवऱ्याला मी किती विनवलं. भांडले, रडले, जेवण टाकलं. तो एवढंच म्हणायचा, “ठरलेलं मोडलं की पोरीलाच नावं ठेवतात. तिला पुन्हा स्थळ कुठून आणू?”

“आणि माझं काय? मी तुमची कोण लागते?”

यावर तो कूस बदलायचा. मला त्या घरातल्या एकूण एक माणसाचा तिटकारा यायला लागला होता. नळ मोठा सोडून मी न्हाणीघरात ओरडून रडायचे आणि तोंड धुऊन परत कंपनीत जायचे. काही होणार नाही हे ठाऊक असूनही जायचे, कारण घरी बसून वेड लागलं असतं.

लग्न झालं. आमच्यात लग्न लागताना नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट नांदव, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असा त्याचा अर्थ. मग नवरदेवाकडून भावाला कपडे होतात. नवऱ्याला दोघांनी धरून वर नेलं. एक कुबडी त्याच्या काखेत, दुसरी घेऊन मी मागं. “जोरात पिळ रं,” मंडपातून कुणीतरी म्हणालं, सगळे हसले.

नवऱ्यानं कान धरला, पिळला आणि सोडलाच नाही. हसणारे हळूहळू गप्प झाले. मनात म्हटलं, बोला हो आता, सगळ्यांदेखत बोला. नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अगदी हळू म्हणाला, “दादा, चुकलं माझं.”

ते आम्ही तिघांनीच ऐकलं. इतके दिवस मी दारोदार फिरत होते ती एवढ्याच शब्दांसाठी, कुणाच्या तरी तोंडून.

नवऱ्यानं कान सोडला. “माझ्या बहिणीला नीट सांभाळा,” म्हणाला आणि त्यानं पँटपीस-शर्टपीस हातात घेतला. आता हा माणूस कोर्टाची पायरी चढणार नाही, हे मला तिथंच कळलं. वाजंत्री सुरू झाली. तो कान मला पिळायचा होता. पण तो मान भावाचा, वहिनीला त्यासाठी कुणी बोलवत नाही.